ओ द्यायचा नाही

(छत्रपती संभाजीनगरातल्या एका नाट्यगृहाची ग्रीनरूम. संध्याकाळ. कवी आदिनाथ आरशासमोर बसला आहे. त्याचे वडील कारभारी दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले आहेत. डोक्याला धुतलेला फेटा, मांडीवर घोंगडी, हातात काठी.)

आदिनाथ : हार तुम्ही घातला, आबा?

कारभारी : घातला.

आदिनाथ : स्वतःच्याच फोटोला?

कारभारी : मला काय ठावं कुणाचा हाय. ती पोरगी म्हणली, काका, घरचे म्हणून तुमच्या हातून होऊ द्या. स्टेजवर गेलो तर मपलाच फोटो. हातात हार, मागं दहा-बारा माणसं हात जोडून. तिथून माघारी कसं फिरायचं?

आदिनाथ : सांगायचं ना, हा मीच आहे म्हणून.

कारभारी : लोक चांगल्या मनानं उभे व्हते. कुणाचा हिरमोड कशाला करा. चपला काढल्या, घातला.

आदिनाथ : नमस्कार पण केला?

कारभारी : केला. समदे करत व्हते. मी एकटाच ताठ उभा राह्यलो असतो तर म्हणले असते, भावाभावांत वाकडं व्हतं.

आदिनाथ : कुठले भाऊ?

कारभारी : मी तुपला चुलता हाय. गेटवर तसं ठरलं.

आदिनाथ : गेटवर काय ठरलं?

कारभारी : वॉचमन म्हणला, पास दाखवा. मी म्हणलं, आदिनाथचा बाप हाय. त्यानं आत फोन लावला. आतून म्हणले, सरांचे वडील वारलेत. तो माझ्याकडं बघायला लागला. भला माणूस व्हता, पार बेजार झाला. म्हणलं, कशाला याला तसदी. मंग चुलता धरा, म्हणलं. लगेच खुर्ची दिली, पाणी दिलं. बापाला उभं केलं व्हतं, चुलत्याला बसवलं.

आदिनाथ : तुम्ही येणार हे मला कुणी बोललं नाही.

कारभारी : कोण बोलंल? तुपला फोन येतो तवा तुपली आई बोलती.

आदिनाथ : तुम्ही माळावर असता.

कारभारी : मी पहिल्यापास्नं माळावरच असतो. पण आधी तू इचारायचा, आबा कुठंयत. मी मेलो तवापास्नं इचारत नाय. रागानं म्हणत नाय. आपलं ध्यानात आलं म्हणून सांगितलं.

आदिनाथ : म्हणजे तुम्हाला माहीत आहे. कवितेत काय आहे ते.

कारभारी : वस्तीवरच्या कडूबानं दाखवली मोबाईलवर. कवाच. तो आधी येकटाच बघत बसला व्हता बांधावर. तिथून रडत आला आन् माझ्याच गळ्यात पडला. म्हणला, कारभारी, लई वाईट झालं. मी म्हणलं, काय झालं रं? तर म्हणला, तू गेला.

आदिनाथ : मग तुम्ही काय केलं?

कारभारी : त्याची समजूत काढली. तासभर लागला. पारूबाईची तर आजूक निघाली नाय. ती म्हणती, व्हिडिओत खाली अक्षरं येतेत, लिवलेलं खोटं कसं असंल. मी दारात उभा असताना तुपल्या आईला म्हणली, दहाव्याला बोलावलं नाय, बानाबाई, एवढं काय आमचं चुकलं.

आदिनाथ : आई काय म्हणाली? रागावली असेल माझ्यावर.

कारभारी : रागावली. पण तिचा राग येगळा. म्हणली, मला कामून नाय मारलं? मी काय त्याच्यासाठी कमी खस्ता खाल्ल्या?

आदिनाथ : हा फोटो यांना कुणी दिला?

कारभारी : शालूनं. तिला फोन गेला, दादाच्या कार्यक्रमाला आबांचा चांगला फोटो पायजे. तिला वाटलं सत्कार हाय. मला म्हणली, आबा, धुतलेला फेटा बांधा. मी बांधला, पण मला वाटलंच व्हतं, हा सत्कार काय जितेपणीचा नसंल.

आदिनाथ : शालूच्या लग्नातला आहे तो.

कारभारी : व्हय. खांद्यावर कुणाचा तरी हात राह्यलाय. बोटं दिसतेत नुसती.

आदिनाथ : माझा आहे तो हात.

कारभारी : आस्सं. तुला कापलं व्हय. मला वाटलं फोटोवाल्याचाच राह्यला असंल. हारात झाकली बोटं, बरं झालं. मेलेल्या माणसाच्या खांद्यावर हात बरा दिसत नाय.

आदिनाथ : आबा, चहा मागवू?

कारभारी : झाला दोनदा. चुलत्याला लई इज्जत हाय इथं. तू खाल्लं का काही?

आदिनाथ : कार्यक्रमाआधी खात नाही मी.

कारभारी : आन् नंतर?

आदिनाथ : नंतर हॉटेलवर जातो. पार्सल असतं खोलीत.

कारभारी : कोण असतं संगं?

आदिनाथ : टीव्ही असतो.

कारभारी : एवढी माणसं येतेत म्हणं तुला आयकायला. बाहेर लाइन लागलीय. त्यातलं कुणी थांबत नाय व्हय जेवायला?

आदिनाथ : फोटो काढतात. मग म्हणतात, सर, तुम्हाला एकांत हवा असेल, आणि जातात. कवीला एकांत लागतो असं कुणीतरी सांगून ठेवलंय त्यांना.

कारभारी : लागतो का?

आदिनाथ : आधी नव्हता लागत. आता विचारतच नाही कुणी.

कारभारी : मुकुंदवाडीच्या खोलीत तरी तिघं व्हता तुमी.

आदिनाथ : तिघं होतो, पण तिघांच्या शिफ्ट वेगळ्या. मी उठायचो तेव्हा एक झोपायला यायचा. वर्षभर राहिलो एकत्र, तिसऱ्याचा चेहरा मला आठवत नाही. त्याचा टॉवेल आठवतो.

कारभारी : तवा तू रिक्षावर बोलायचा.

आदिनाथ : रिक्षावर?

कारभारी : भोंग्यावर. करमाडच्या बाजारात मी उभा, मागून रिक्षा आली. सोलापुरी चादरी, सोलापुरी चादरी, आजच्या दिवस. म्हणलं, हे तर आपलं पोरगं बोलतंय.

आदिनाथ : जाहिरातवाल्याकडे आवाज द्यायचो मी. तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं ते.

कारभारी : सांगायचं काय त्यात. रिक्षा थांबली तिथवर आयकत उभा राह्यलो. ती पुढं निघाली तर मी मागं. गावभर फिरलो रिक्षामागं. ड्रायव्हर म्हणला, आबा, चादर पायजे का? म्हणलं, नाय, चालू दे तुमचं.

आदिनाथ : चादरी खराब होत्या त्या. एका धुण्यात रंग जायचा.

कारभारी : पण तू लई मनापासून सांगत व्हता.

आदिनाथ : दिवसा चादरी आणि संध्याकाळी कविता. निराला बाजारात एका कॉफीच्या दुकानात आठवड्यातून एकदा कविता म्हणायला माईक द्यायचे. कुणीही यावं, नाव द्यावं, म्हणावं.

कारभारी : आन् आयकायचं कुणी?

आदिनाथ : ज्यांचा नंबर यायचा होता ते. स्वतःचं म्हणून झालं की निघून जायचे. माझा नंबर शेवटी. एकदा फक्त वेटर उरला होता, तोही खुर्च्या टेबलांवर उलट्या करत होता.

कारभारी : त्याला आवडली का?

आदिनाथ : म्हणाला, दादा, पाय वर घ्या, पोछा मारायचाय.

कारभारी : मेंढरं बरी मंग. ती तरी मान वर करून बघायची. तू लहानपणी त्यांच्यापुढं म्हणायचा ना, धोंड्यावर उभा राहून.

आदिनाथ : तीही चघळतच ऐकायची. सवय होती मला.

कारभारी : मला मारायचं कवा ठरवलं?

आदिनाथ : ठरवलं नाही, आबा. खरंच. कवितेत तुम्ही जिवंत होता. चांगले होता. माळावर मेंढरं राखत होता. मी खालून वस्तीवरून हाक मारायचो, असं होतं त्यात. म्हणायचो मी ती दर आठवड्याला. कुणाला काही वाटायचं नाही. लोक म्हणायचे, छान, गावरान आहे.

कारभारी : मंग?

आदिनाथ : एका संध्याकाळी, हाक मारली, आबाऽऽ म्हणालो, आणि पुढचं विसरलो. पूर्ण कोरा. उभा राहिलो तसाच. आत शोधतोय, सापडत नाही. लोकांना वाटलं गळा दाटलाय. कॉफीचं मशीनसुद्धा बंद केलं कुणीतरी. मग एक माणूस उठला, माझ्याहून मोठा, ओळख ना पाळख. आला आणि मिठी मारली. घट्ट. म्हणाला, कधी झालं हे?

कारभारी : सांगायचं, ओळ इसरलो.

आदिनाथ : सांगणार होतो. तोंडाशी आलं होतं. पण सांगितलं असतं तर त्याने हात काढून घेतले असते. बरेच महिने झाले होते, आबा. म्हणजे कुणी असं धरून. मी म्हणालो, श्रावणात.

कारभारी : श्रावणात तर मी चांगला व्हतो. खोकलासुदिक नव्हता.

आदिनाथ : पुढच्या आठवड्यात त्याने दहा माणसं आणली. त्यांनी आणखी आणली. माझा शेवटचा नंबर पहिला केला. मग पुणे झालं, मुंबई झालं, कुणीतरी व्हिडिओ टाकला. सगळीकडे मी हाक मारतो आणि गप्प उभा राहतो. लोक रडतात. परवा दुबईला जाऊन आलो.

कारभारी : दुबईतबी मेलो व्हय मी?

आदिनाथ : दोन शो होते.

कारभारी : कधी विमानात बसलो नाय आन् दुबईत दोनदा मेलो. बरं, मपली काही तक्रार नाय. पण एक-दोन गोष्टी बोलू का? तू म्हणतो, 'आबा गेले तिथं काठी उभी आहे, तिला टेकून वारा विश्रांती घेतोय.' काठी हितं हाय. मपल्या हातात. वाऱ्याला मी काठी दिलेली नाय.

आदिनाथ : तुमची पाठ आहे कविता?

कारभारी : समदी. आन् ते, 'मेंढरं खोळंबली आहेत, त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.' हे काय जमलं नाय. मेंढरं खोळंबत नसतेत. हितलं गवत सरलं की ती पुढं जातेत. मी मेल्यावरबी जातील. लोकांना सांग तसं.

आदिनाथ : तसं सांगितलं तर लोक रडणार नाहीत.

कारभारी : मला तर त्यानंच जास्त रडू आलं असतं. असो. तुमचा धंदा तुमाला ठाऊक.

अपेक्षा : सर, येऊ का? पहिली घंटा झाली. सॉरी काका, तुमचं चाललं होतं. मी अपेक्षा, आजची निवेदिका. मघाशी स्टेजवर भेटलो आपण, हाराच्या वेळी.

कारभारी : व्हय, व्हय. चांगला मोठा आणला व्हता हार.

अपेक्षा : काका, एक विचारू? राग नका मानू. तुम्ही अगदी फोटोतल्या बाबांसारखे दिसता. आमची सगळी टीम चाट पडलीये.

कारभारी : जुळे व्हतो.

आदिनाथ : आबा...

अपेक्षा : तुम्ही यांना पण आबाच म्हणता, सर? किती छान. म्हणजे ते गेल्यावर यांनीच ती जागा घेतली. काका, तुमचं नाव काय हो? स्वागतात घेते मी.

कारभारी : त्याचं कारभारी.

अपेक्षा : आणि तुमचं?

कारभारी : मला येगळं ठेवलं नाय. येका नावावरच दोघांचं भागवलं.

अपेक्षा : बापरे. मग तर किती अवघड जात असेल तुम्हाला. रोज आरशात तेच दिसत असतील.

कारभारी : दाढी करताना दिसतो. इतर टायमाला नाय.

अपेक्षा : सर, तुमच्या घराण्यातच आहे हे सगळं. काका, तुम्ही आज दोन शब्द बोलाल का? भावाविषयी? लोकांना खूप आवडेल.

कारभारी : काय बोलणार. माणूस बरा व्हता. बोलायचा कमी.

अपेक्षा : बस, एवढंच बोला. काका, मला तुम्हाला सांगायचंच आहे. माझे पप्पा लासूर स्टेशनला असतात, आडतीचं दुकान आहे. मी हे निवेदनाचं क्षेत्र निवडलं तेव्हापासून आमचं बोलणं बंद. म्हणायचे, लोकांची नावं वाचायला कोण शिकतं. दोन दिवाळ्या गेले नाही मी घरी. मग सरांची 'हाक' ही कविता ऐकली. ती शेवटची शांतता असते ना, हाकेनंतरची? त्या शांततेत मला वाटलं, आपले तर आहेत अजून. बाहेर येऊन जिन्यातच फोन लावला.

कारभारी : काय बोलले?

अपेक्षा : काही नाही. म्हणाले, बोल. मी म्हणाले, जेवलात का? ते म्हणाले, हो. आता रोज लावते. रोज तेवढंच होतं. पण लावते.

कारभारी : ते इचारतेत का, तू जेवली का म्हणून?

अपेक्षा : परवा विचारलं पहिल्यांदा.

कारभारी : मंग रस्त्याला लागलंय.

अपेक्षा : तुमच्या भावाची पुण्याई, काका. सर, तर 'हाक' शेवटीच ना? हाक झाली की मी एक मिनिट माईकजवळ पण येणार नाही. लाइटवाल्याला सांगितलंय, आबांच्या फोटोवर उजेड ठेव आणि बाकी हळूहळू घालव. मोबाईल बंद करायला लावते सगळ्यांना. एसीचा आवाज होतो, तो पण बंद करायला सांगितलाय. टाचणी पडली तर ऐकू यायला हवी. लोक त्या शांततेसाठीच येतात, सर. चला, दुसऱ्या घंटेला बोलावते.

आदिनाथ : गेली. जुळे काय सांगितलं तिला?

कारभारी : मंग काय सांगू? तिनं बापाला फोन लावलाय. मी जिता निघालो तर ती लावंल का उद्या?

आदिनाथ : लावेल की. ते तर तिचे वडील आहेत.

कारभारी : काही सांगता येत नाय. दर्गा खोटा निघाला म्हणून नवस फिटलेला माघारी जातो का, मला ठाऊक नाय. आपण कशाला बघा हात लावून.

आदिनाथ : आबा, मी आज ती कविता म्हणतच नाही. दुसरी म्हणतो.

कारभारी : एसी बंद करायलेत तुपल्यासाठी. म्हण तू. मपलं दुखणं दुसरंच हाय.

आदिनाथ : काय?

कारभारी : ती शांतता. ती काय मला जमायची नाय.

आदिनाथ : म्हणजे?

कारभारी : म्हणजे तू हाक मारणार. आबाऽऽ म्हणून. आन् मी हितं बसलेलो. तोंडातून ओ जाणार, लेका. मला आवरायचं नाय ते. माळावर हाक रिकामी जाऊ देत नसतेत, इसरला का? कुणीबी मारो, कुणालाबी मारो. ज्याला मारली त्यानं ओ द्यायचा. नाय दिला म्हंजी माणूस हिरीत पडलं, नायतर जनावर चावलं. वस्ती कंदील घेऊन निघती मंग. आपल्या वस्तीवरच्या त्या कृष्णाचं आठवतं का? बायकोवर रुसला आन् झुडपाआड गप बसून राह्यला. समदी वस्ती उजाडेस्तोवर त्याला हुडकत व्हती. तो बी नंतर हुडकायला लागला आपल्यासंगं, सांगायची लाज वाटली म्हणून.

आदिनाथ : आठवतंय. स्वतःच्याच नावाने हाका मारत होता.

कारभारी : आन् येका हाकेला चुकून ओ दिला, तवा कळलं. तवापास्नं सांगतो, घास तोंडात असला तरी मी ओ देतो. येकदा ठसका लागून मरता मरता वाचलो. तवा खरा मेलो असतो.

आदिनाथ : तोंडावर फेट्याचा शेव धरा. तेवढं एक मिनिट.

कारभारी : करून पाह्यलं. घोंगडीचा कोपरा चावला दातात. ओ नाकातून येतो.

आदिनाथ : करून पाहिलं म्हणजे? कुठे?

कारभारी : माळावर. मोबाईलसंगं.

आदिनाथ : मोबाईल कुठे आहे तुमच्याकडे?

कारभारी : कडूबाचा जुना घेतला. त्यात येकच चालतं, तुपली कविता. दुपारी मेंढरं सावलीला बसली की लावतो. ती बी येतेत जवळ. लहानपणचा आवाज वळखीचा असंल, काय की. कोंडाळं करून बसतेत. मी, मेंढरं आन् तू. तू समदं सांगतो, मी कसा गेलो, काठी कुठंय, वारा कुठंय. मी आयकतो. मंग तू हाक मारतो.

आदिनाथ : आणि तुम्ही ओ देता.

कारभारी : देतो ना. रोज देतो.

आदिनाथ : मग?

कारभारी : मंग तू गप उभा राहतो. मला वाटतं, आता काही बोलंल. तेवढ्यात येक बाई येती आन् साबण इकती.

आदिनाथ : आबा...

कारभारी : पहिल्यांदा वाटलं, हळू दिला असंल. दुसऱ्या दिवशी उभा राहून दिला. मेंढरं बिचकली. तुपल्याकडं काही गेला नाय. मंग कडूबा म्हणला, येड्या, मोबाईलमधी हिकडून तिकडं जात नाय, नुसतं तिकडून हिकडं येतं. तुपल्या कार्यक्रमाचं पोस्टर लागलं, तवा म्हणलं, समोर जाऊन बघावं. समोर तरी पोचंल. दुसरं काही काम नव्हतं मपलं.

आदिनाथ : म्हणून आलात.

कारभारी : पण हितं आल्यावर कळलं, ते पोचायलाच नको हाय. एवढा बंदोबस्त केलाय त्यांनी. फोटोवर उजेड, टाचणीचं म्हणली ती. मधूनच मेलेल्या माणसानं ओ दिला तर लोक काय म्हणतील? तुपली फजिती व्हईल. त्या पोरीची नोकरी जाईल.

आदिनाथ : नोकरी नाही जाणार कुणाची.

कारभारी : तू लई मेहनतीनं पोचला, आदी. चादरी इकून पोचला. मी माळावरून उठून येऊन त्यात ओ घालावा, आसं नाय मला वाटत. मी बाहीर जातो.

आदिनाथ : बाहेर कुठे?

कारभारी : रस्त्यापल्याड रसवंती हाय. घुंगरं वाजतेत तिची. तिथं काही आयकू येत नाय, मी मघाशी बघून आलो. तिथं थांबतो. संपलं की शेंद्र्याकडं जाणारी काळीपिवळी जीप घावंल.

अपेक्षा : सर, दुसरी घंटा. काका, तुमची खुर्ची पहिल्या रांगेत मधोमध ठेवलीये, फोटोच्या बरोब्बर समोर.

कारभारी : मला बाहीर काम हाय, पोरी. तिथं दुसऱ्या कुणाला बसव.

अपेक्षा : असं कसं, काका? आज तर...

आदिनाथ : अपेक्षा, दोन मिनिटं दे.

अपेक्षा : हो सर. सॉरी. मी विंगेत आहे.

कारभारी : फार जीव लावून काम करती पोरगी. तिला जेवायला सांग आज संगं. पार्सल नको.

आदिनाथ : आबा, ती ओळ तुम्ही विचारली नाहीत.

कारभारी : कोणती?

आदिनाथ : विसरलो होतो ती. कॉफीच्या दुकानात, हाकेनंतर.

कारभारी : आता आठवती का?

आदिनाथ : त्याच रात्री आठवली. खोलीवर गेल्या गेल्या. पुढे तुम्ही ओ देत होता. मग मी म्हणायचो, भाकरी झालीये, आणि तुम्ही म्हणायचा, आलो. एवढंच होतं. तिथे संपत होती कविता.

कारभारी : आन् ते इसरला तू.

आदिनाथ : एवढ्या गावांत हाक मारून उभा राहतो ना, लोकांना वाटतं मी गप्प आहे. मी गप्प नसतो, आबा. ऐकत असतो. एकदाही ओ आला नाही.

कारभारी : मी दिला नाय आसं नको समजू.

आदिनाथ : नाय समजत.

कारभारी : जा, केस नीट कर. लोक थांबलेत. आन् फोटोकडं पाठ करून उभा राहू नको, बरं दिसत नाय. मी निघतो.

आदिनाथ : रसवंतीपाशी थांबणार?

कारभारी : तिथंच. घुंगरांपाशी. काळजी करू नको, तिथपर्यंत काही येत नाय.

आदिनाथ : येईल. माईक बाजूला ठेवतो आन् दारं उघडी ठेवाय लावतो. तुमी फकस्त घास तोंडात घेऊ नका.